बालकांचे अध्ययन, मेंदूचे कार्य आणि स्मृतिवर्धक औषधाची मागणी

फेब्रुवारी महिना लागला की आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात आणि औषधालयात एक मागणी नेमाने येते. "डॉक्टर, मुलाच्या काही लक्षात राहत नाही, स्मरणशक्तीचं एखादं चांगलं औषध द्या." पूर्वी ही मागणी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असे. आता ती पहिली-दुसरीच्या, क्वचित बालवाडीतल्या बालकांसाठीही होऊ लागली आहे. ब्राह्मीची बाटली द्यावी आणि पुढच्या रुग्णाकडे वळावे, हे सोपे असते. आम्हीही ते अनेक वर्षे केले. बालक शिकते तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते आणि त्यावरून पालकांना बाटलीव्यतिरिक्त कोणता सल्ला देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

आरंभ आपल्या शास्त्रापासूनच करू. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांत सादृश्य आहे, विपर्यय म्हणजे विरोध आहे, सत्त्वानुबंध म्हणजे मनाचे अवधान आहे, अभ्यास आहे, पुनःश्रुत आहे. औषध मात्र त्या आठांत नाही. मेध्य रसायनांचा विचार आचार्यांनी चिकित्सास्थानात स्वतंत्रपणे केला आहे. स्मरण ही प्रथम मनाची क्रिया आहे आणि रसायन तिचे साहाय्यक आहे, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

आधुनिक मेंदूशास्त्र याच दिशेने बोलते. नवी गोष्ट शिकताना मेंदूतील चेतापेशींमधील जोडण्या बदलतात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या दृढ होतात, न वापरलेल्या क्षीण होतात. प्रश्न एवढाच उरतो की हा वापर कसा व्हावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवून दिले की एकाच बैठकीत केलेल्या पुष्कळ आवृत्त्यांपेक्षा दिवसांच्या अंतराने विभागलेल्या थोड्या आवृत्त्या अधिक टिकतात. पुढे २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केला होता, ते पुढे गेले. शाळकरी मुलांवरील नंतरच्या अभ्यासांतही आठवण्याच्या सरावाचा लाभ दिसला आहे.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे आपले पाढे. सातचा पाढा खड्या आवाजात घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच "सात सक किती?" असे विचारून पाहावे. पुष्कळदा ते "सात एके सात"पासून मनात सुरुवात करते आणि बेचाळीसपर्यंत चालत येते. त्याला साखळी पाठ झालेली असते, तिची कडी सुटी काढता येत नाही. साखळी म्हणणे निरुपयोगी नाही, पहिली पायरी तीच. परंतु त्यापुढे उलटसुलट विचारणे, चुकल्यास रागावण्याऐवजी लगेच बरोबर उत्तर सांगणे आणि तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणे, हे घडले पाहिजे. (वेदपाठकांच्या क्रम, जटा, घन या पद्धतींत पदे पुढेमागे फिरवून म्हणावी लागतात. हेतू संहितेची शुद्धता राखण्याचा होता. पण एकाच ठरलेल्या ओघात वाहत जाण्याची सोय त्यांत राहत नाही, हेही खरे.)

पालकांना आम्ही सांगतो ते असे. आज शिकवलेले संध्याकाळी पुस्तक न उघडता मुलाला सांगायला लावावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे पुरेत. लहान मुलाची पाटी-पेन्सिल काढून परीक्षा घेण्याचे कारण नाही. स्वयंपाक करता करता विचारले तरी चालते. दुसरे असे की एका वेळी मनात धरून ठेवण्याची शक्ती प्रौढांतही सुमारे चार गोष्टींपुरतीच असते आणि लहान बालकात त्याहून कमी असते. "दप्तर आवर, डबा धुवायला टाक, हात धू आणि गृहपाठाची वही आण" या आज्ञेतील निम्मे मूल विसरते, यात त्याचा आळस नाही.

निद्रेचे महत्त्व वैद्यवर्गाला निराळे सांगायला नको. दिवसा शिकलेल्याची हिप्पोकॅम्पस नामक भागातून मेंदूच्या बाह्यस्तराकडे होणारी बांधणी गाढ झोपेत चालते. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ साली ३ ते ५ वर्षांच्या बालकांसाठी दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास झोप सुचविली आहे. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहून सकाळी सहाला शाळेच्या रिक्षासाठी उठणाऱ्या मुलास कोणते मेध्य द्रव्य उपयोगी पडणार? भीतीचेही तसेच. माराच्या धाकाने अवधान धाकाकडेच जाते, धड्याकडे नाही.

मेंदूच्या नावावर चालणाऱ्या व्यापाराविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मध्यमेंदू जागृत करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवितो, असे सांगणारे वर्ग आपल्या गावोगावी निघाले. मध्यमेंदूचा संबंध नेत्रगोलांच्या हालचाली, श्रवण व दर्शन यांच्या प्रतिक्षिप्त क्रिया यांच्याशी आहे. पट्टीआडून वाचण्याशी नाही. नाकाच्या कडेने उरलेल्या फटीशी आहे, इतकेच. डावा मेंदू-उजवा मेंदू अशी मुलांची विभागणीही अशीच निराधार आहे. अशा वर्गांची पत्रके आपल्या औषधालयात ठेवू देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता औषधाविषयी. २००२ साली ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वर्षांच्या प्रौढांवर ब्राह्मीचा, म्हणजे बॅकोपा मोनिएरीचा, अभ्यास झाला. तीन महिन्यांच्या सेवनानंतर नव्याने शिकलेले विसरण्याचा वेग कमी झाल्याचे त्यात आढळले. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण तो प्रौढांचा आहे आणि तीन महिन्यांचा आहे. परीक्षेच्या आधी दहा दिवस बाटली नेणाऱ्या पालकास हे सांगणे आपले कर्तव्य ठरते. शिवाय द्रव्यनिश्चितीचा प्रश्न आहेच. बाजारात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णी मिळते. शंखपुष्पीच्या नावाने महाराष्ट्रात एक वनस्पती तर केरळात गोकर्ण वापरली जाते. दोन्ही मेध्य मानल्या तरी एकीचे संशोधन दुसरीच्या लेबलावर छापता येत नाही. औषधविक्रेत्यांनी घटकांत वनस्पतीचे शास्त्रीय नाव वाचूनच माल मागवावा.

या लेखाला जे निमित्त झाले ते शेवटी सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका मुलीस तिची आई घेऊन आली. शाळेत तिला मंद म्हणत. आम्ही जिव्हा, नाडी, अग्नी पाहिले आणि मेध्य कल्प सुरू केला. चार महिने दिला. आई दर महिन्याला येई आणि "थोडा फरक वाटतो" असे म्हणे. ते ऐकायला आम्हालाही बरे वाटे. एके दिवशी भिंतीवरचे कॅलेंडर पाहताना ती मुलगी डोळे बारीक करून मान वाकडी करते, हे आमच्या कंपाउंडरच्या लक्षात आले. नेत्रतज्ज्ञांकडे पाठविल्यावर चष्मा लागला. तिला फळाच दिसत नव्हता. बुद्धीत काहीही उणे नव्हते आणि ते चार महिने आम्ही वाया घालविले होते.

तेव्हापासून औषध लिहिण्याआधी आम्ही दृष्टी, श्रवण (विशेषतः वारंवार कान वाहत असल्यास), झोपेचे तास, जंत आणि पांडुता यांची विचारणा करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ६ ते ५९ महिन्यांच्या दर १०० बालकांपैकी ६७ रक्तक्षयी आढळली होती. लोह कमी पडलेल्या मुलाचे अवधान टिकत नाही, हे आपण रोज पाहतो. शंका आल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ज्यांच्या औषधालयात वैद्य बसत नाहीत, त्यांनी निदान दोन प्रश्न विचारावेत : "ताई, मुलाला फळ्यावरचं नीट दिसतं का? मागून हाक मारली तर ऐकू येते का?" उत्तर डळमळीत असेल, तर बाटली त्या दिवशी कपाटातच राहू द्यावी.