सावित्रीच्या खोऱ्यातील स्वकथने

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसरे यांच्यामुळे महाराष्ट्राला परिचित असून, त्यांचा १६७० मधील सिंहगडावरील पराक्रम लोकांच्या मनात रुजला तो मुख्यतः शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून, म्हणजेच दुसऱ्याने गायिलेल्या चरित्रातून. त्याच मुलखात, उमरठहून खाली महाडकडे उतरल्यावर, विसाव्या शतकात स्वकथनाची, म्हणजे भोगणाऱ्यानेच सांगण्याची, निराळी परंपरा उभी राहिली.

तिची गरज का पडली, हे महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासावरून कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुलेही केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहात अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी घेईपर्यंत हा हक्क कागदावरच राहिला.

त्या मार्चमध्ये महाडला भरलेल्या, या सत्याग्रहाला जन्म देणाऱ्या परिषदेच्या उभारणीत पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडजवळच्या लाडवलीचे. शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेल्यावर त्यांनी बालवयातच पत्र लिहून तक्रार मांडली. प्रवेश मिळाला, पण बसावे लागले इतर मुलांपासून वेगळे. मोरे यांचे आत्मकथन अपुरे राहिले आणि पुत्र सत्येंद्र मोरे यांच्या लेखनाची जोड मिळून ते २००३ मध्ये ग्रंथरूपाने आले, त्यामुळे या परिषदेमागे अपमानित विद्यार्थ्याची केवढी जिद्द होती, हे वाचकांना फार उशिरा उमगले.

स्वकथनाच्या पद्धतीचा जाणीवपूर्वक विचार आढळतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणांत. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टिपणांच्या आरंभी, परदेशी वाचकाला अस्पृश्यतेची कल्पना देण्यासाठी सर्वसाधारण वर्णनापेक्षा प्रत्यक्ष प्रसंग अधिक परिणामकारक ठरतात, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यांतील एका प्रसंगात, मसूर स्थानकावर उतरलेल्या, नीटनेटक्या पोशाखातल्या लहानग्या आंबेडकरांची आणि त्यांच्यासोबतच्या मुलांची जात कळताच गाडीवाले मागे सरतात, दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागते आणि जवळ अन्न असूनही पाण्यावाचून रात्र काढावी लागते. येथे लेखकाने दयेची याचना केलेली नाही. तपशील इतके रोखठोक आहेत की वाचकाला त्या गाडीत बसावेच लागते. सहवेदना, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचे दुःख जाणणे, ती हीच.

अर्थात सहवेदनेने तळ्याचा निकाल लागला नाही. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव फिरवला, डिसेंबरात न्यायालयाचा मनाईहुकूम आला, आणि अस्पृश्यांना वगळणारी रूढी अनादी असल्याचे सवर्ण वादींना सिद्ध करता न आल्याने १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. कथन आणि कायदा यांची गल्लत करणाऱ्या आजच्या उत्साही कार्यकर्त्यांनी ही दहा वर्षे अवश्य ध्यानात घ्यावीत.

या साऱ्यात स्त्रियांचा आवाज सर्वांत उशिरा नोंदला गेला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्या स्त्रियांना गाठून, मौखिक इतिहासाच्या, म्हणजे तोंडी आठवणी टिपण्याच्या पद्धतीने, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा बासष्ट वर्षे लोटली होती.