कुणाला किती थंडी

डिसेंबर उजाडला की मंडणगड तालुक्यात थंडीची चौकशी सुरू होते, आणि ती आंब्यासाठी असते. ‘यंदा थंडी धरत नाही’ असं कुणी म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एप्रिलमधल्या रिकाम्या पेट्या येतात.

पाऊस सरल्यावर कलमांना नवी पालवी फुटते. ती जून झाली, जमिनीतली ओल ओसरली आणि रात्रीचा पारा 15 ते 18 अंशांच्या आसपास उतरून काही दिवस तिथेच राहिला, की फांदीच्या टोकाच्या डोळ्यातून पान येण्याऐवजी मोहर येतो. हवा उबदार आणि ढगाळ राहिली तर त्याच डोळ्यातून पुन्हा पालवीच फुटते. वर ढगाळ हवेत तुडतुडा येतो तो वेगळाच. म्हणजे कोकणातल्या हापूसचं सगळं अर्थकारण रात्रीच्या दोन-चार अंशांवर उभं आहे.

पण हीच थंडी लांबली तर बागायतदार तिला शिव्या घालतो. जानेवारीअखेर पहिल्या मोहराला कणी धरलेली असते, काही कैऱ्या वाटाण्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या झालेल्या असतात. तेवढ्यात गारठा पुन्हा वाढला की त्याच फांदीवर नवा मोहर येतो. हा फेरमोहर. झाड आपलं अन्न नव्याकडे वळवतं आणि जुनी कैरी देठातून सुटून खाली पडते. शेजारच्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिब्रेलिक अॅसिडची फवारणी सुचवलेली आहे. शिवाय कडक गारठ्यात वाढलेल्या मोहरात नर फुलं जास्त निघतात आणि फळ धरणारी उभयलिंगी फुलं कमी. झाड मोहरानं भरलेलं दिसतं, हाती मात्र थोडंच लागतं.

फळ उतरवलं की नियम पुन्हा बदलतो. ज्या झाडाला मोहरायला थंडी लागली, त्याचंच कच्चं फळ 12-13 अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं तर बिघडतं. उष्ण प्रदेशातल्या फळांच्या पेशींची पातळ आवरणं थंडीत ताठरतात आणि आतला रस झिरपू लागतो. सालीवर काळपट डाग पडतात आणि नंतर कितीही दिवस पेंढ्यात घातलं तरी फळ धड पिकत नाही. म्हणून परदेशी जाणारा हापूस 13 अंशांच्या आसपास ठेवतात. घरच्या फ्रिजमध्ये असतात चार-पाच अंश. मुंबईकर नातेवाइकांना हे दर वर्षी सांगावं लागतं आणि दर वर्षी हिरवी पेटी फ्रिजमध्येच जाते.

मासळीला मात्र थंडी जितकी लवकर मिळेल तितकी बरी. बाणकोट-वेसवीच्या खाडीकाठी होडीइतकंच महत्त्व बर्फाच्या लादीला आहे. ही लादी तयार होते ती मिठाच्या पाण्यात. कारखान्यातल्या मोठ्या टाकीत खारं पाणी असतं. अमोनियाच्या यंत्रणेनं ते शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत नेतात, आणि मिठामुळे ते स्वतः गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे लोखंडी डबे सोडलेले असतात. गोठणं कडेकडून आत सरकतं, आणि पाणी गोठताना त्यातली हवा आणि क्षार बाहेर टाकतं. हे बाहेर पडलेलं सगळं मधोमध जमा होतं. लादी फोडून पाहा. कडेला काचेसारखा स्वच्छ बर्फ असतो आणि पोटात पांढरट, बुडबुड्यांचा गाभा.

मासळीत बर्फच का भरतात, याचं उत्तर वितळण्यात आहे. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्या उष्णतेनं एक किलो पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. आणि एवढी उष्णता पिऊनही बर्फ शून्यावरच राहतो. शिवाय वितळलेलं पाणी मासळीच्या अंगाला लागून वाहतं, तिला सुकू देत नाही. थंड हवेला हे जमत नाही.

दुकानात आपण ‘दीड टनाचा एसी’ मागतो, तो टनही याच हिशेबातला. यंत्र दीड टनाचं नसतं, हे उचलणाऱ्या हमालालाही ठाऊक असतं. पूर्वी हवा गार करायला खरोखरच बर्फ आणत. यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकद बर्फाच्या भाषेत मोजली गेली. 24 तासांत एक टन, म्हणजे तेव्हाच्या मापानं 2000 पौंड किंवा 907 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढणारं यंत्र एक टनाचं. आजच्या एककात साडेतीन किलोवॉट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं दिवसभर चालला, तर जवळजवळ 1360 किलो बर्फाचं काम करतो. वीजबिल बघून चिडण्याआधी हा आकडा आठवावा.

मुंबईत हा बर्फ पहिल्यांदा आला तो थेट अमेरिकेहून. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर न्यू इंग्लंडमधल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात बांधून जगभर विकायचा. 1833 मध्ये त्यानं ‘टस्कनी’ जहाजातून 180 टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही असा बर्फ उतरला. जमशेदजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, तेव्हा यजमान-पाहुणे सगळेच सर्दीनं आजारी पडल्याची बातमी ‘मुंबई समाचार’नं दिली होती. पुढे फोर्टमध्ये बर्फ साठवायला खास घुमटाकार इमारत झाली. आज त्या जागेवर के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे.

साहेबांनी मात्र हा विकतचा बर्फ यायच्या आधीच थंडीच्या घरी जायचं ठरवलं होतं. 1828 नंतर गव्हर्नर माल्कम यांनी महाबळेश्वर वसवलं, आणि तिकडे जायची एक वाट मंडणगडच्या किनाऱ्यावरून होती. मुंबईहून जहाजानं बाणकोट, तिथून सावित्री नदीतून महाडकडे, मग घाट. सावित्री महाबळेश्वरातच उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. म्हणजे ही मंडळी नदीच्या मुखातून शिरून तिच्या उगमाकडे थंडी शोधत जात.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावापाशी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि हवामान खात्याचा आकडा त्याच दिवशी सहा-सात अंश असतो. दोन्ही खरं असतं. खात्याचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, लाकडी पेटीत, हवेचं तापमान मोजतो. गवताची पाती आणि गाड्यांचे टप मात्र निरभ्र रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. हीच युक्ती वापरून अलाहाबादेत उघड्या मैदानात, पेंढ्यावर उथळ मातीची भांडी मांडून बर्फ तयार करत. सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये रॉयल सोसायटीला त्याचं वर्णन कळवलं होतं. मंडणगडात हे जमणार नाही. इथल्या हवेतली वाफ जमिनीची उष्णता गोधडीसारखी अडवून धरते. त्याच वाफेमुळे इथला माठ विदर्भातल्या माठाइतकं पाणी गार करत नाही आणि वाळ्याचा कूलर तर निव्वळ दमटपणा वाढवतो.

बाणकोटचा इतिहास थंडीच्या अगदी तळाशीही नेऊन सोडतो, थोड्या वळणानं. 1756 च्या तहात पेशव्यांनी इंग्रजांना बाणकोट दिलं आणि बदल्यात विजयदुर्ग घेतला. हा विजयदुर्ग हेलियमच्या कथेत हमखास येतो. 1868 च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होता आणि तिथेच त्याला हेलियम सापडला, असं वारंवार छापून येतं. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. भारतातून ते ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर विजयदुर्गाला आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. आपल्या किल्ल्याला एवढा खरा मान असताना खोटा कशाला हवा? हाच हेलियम कामरलिंग ओनेस यांनी 1908 मध्ये लायडनला द्रवरूप केला, उणे 269 अंशांना. त्याच्याखाली चारच अंशांवर, उणे 273.15 ला, थंडीचा तळ आहे. एमआरआय यंत्रातला चुंबक याच द्रवात बुडवलेला असतो.

आरोग्य केंद्रातल्या थंडीची चौकट फार अरुंद, 2 ते 8 अंशांची. लस तापली तर निकामी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट गोठली तरी ती बाद होते, कारण तिच्यातले अॅल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. म्हणून लसीकरणाला निघताना सिस्टर फ्रीजरमधले आइसपॅक लगेच कॅरिअरमध्ये भरत नाहीत. ते बाहेर मांडून ठेवतात, अंगावर पाणी सुटू देतात, मग एकेक कानाशी धरून हलवतात. आत पाणी हललेलं ऐकू आलं की पॅक शून्यावर आला, आता लसीशेजारी ठेवायला हरकत नाही. इतकं अचूक तापमान नुसत्या कानानं मोजण्याची दुसरी रीत मला तरी माहीत नाही.

तालुक्यातला थंडीचा सगळ्यात विलक्षण हिशेब वेळासच्या वाळूत चालतो. नाना फडणवीसांच्या या गावी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी काढून कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरतात, आणि 45 ते 60 दिवसांत पिल्लं वर येतात. कासवाच्या अंड्यात नर-मादी आधी ठरलेलं नसतं. उबवणीच्या मधल्या टप्प्यात वाळू 29 अंशांच्या आसपासच्या एका रेषेखाली राहिली तर बहुतेक नर, वर गेली तर बहुतेक माद्या. थंडीचा कल आंब्याच्या मोहरातही नराकडे आणि इथेही नराकडे, हा योगायोग असला तरी मजेचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांची तपासणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातल्या अल्पवयीन कासवांत 99 टक्के माद्या निघाल्या.

वेळासला पिल्लं मोजून सोडतात, पण त्यांत नर किती हे त्या मोजणीत कळत नाही. पिल्लाचं लिंग बाहेरून ओळखता येत नाही, ते वयात यायला दहाहून जास्त वर्षं लागतात आणि नर एकदा समुद्रात गेला की पुन्हा किनाऱ्यावर येत नाही. अंडी घालायला येतात त्या माद्याच, त्यामुळे नर घटले तरी किनाऱ्यावरच्या मोजणीत ते कित्येक वर्षं दिसणार नाही. अंदाज बांधायचा तर घरट्याशेजारी, दीड फूट खोल, तापमापक पुरून पूर्ण उबवणीभर नोंदी ठेवायच्या, एवढाच साधा उपाय उरतो.