पुंगळी एक, गोळीबार दोन: विषयातून संशोधन-प्रश्न कसा काढायचा?

परवा शहागंजात चहा पिताना न्यायसहायक विज्ञानाच्या एका ज्युनिअरनं विचारलं, "दादा, अमेरिकेत लोक पिस्तुलाची काडतुसं घरीच पुन्हा भरतात. त्यावर प्रोजेक्ट केला तर? छोटं प्रेस आणू, रिकाम्या पुंगळ्या जमवू, झालं!" विषय भारी आहे, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून होतेय. पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी वस्तू समजून घेऊ. काडतुसात चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. बार उडाल्यावर दारू जळून जाते, गोळी निघून जाते, प्रायमर वाया जातो. उरते ती पुंगळी. ती पुन्हा वापरता येते, म्हणूनच काही देशांत नेमबाज पैसे वाचवायला हा उद्योग करतात. जोखीम मात्र खरी असते. ९ मिमी काडतुसात दाब चौरस इंचाला सुमारे ३५,००० पौंडांपर्यंत जातो. दारू चुकून दुप्पट पडली तर हत्यार हातातच फुटू शकतं.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खालचा परवाना शस्त्र आणि दारूगोळा बाळगण्याचा. दारूगोळा बनवायचा तर कलम ५ चा परवाना वेगळा लागतो. पहिला आहे म्हणून दुसरं करता येत नाही. शिवाय कलम २ मधली व्याख्या नीट वाचा: दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा 'दारूगोळा' या शब्दात येतात. म्हणजे आपल्या ज्युनिअरचं प्रेस आणि जमवलेल्या पुंगळ्या प्रयोग सुरू व्हायच्या आधीच त्याला अडचणीत आणू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. करिअर सुरू होण्याआधीच संपेल!

मग विषय सोडायचा का? नाही. प्रश्न बदलायचा. 'काडतूस कसं भरायचं?' ही कृती झाली, संशोधन नव्हे. 'पुन्हा भरलेली पुंगळी घटनास्थळी सापडली, तर तिच्यावरच्या कोणत्या खुणा शेवटच्या गोळीबाराच्या?' हा झाला संशोधन-प्रश्न.

का, ते बघा. फायरिंग पिनची खूण प्रायमरवर बसते. पुन्हा भरताना प्रायमर बदलतो, म्हणून ही खूण ताजीच असते. पण रिकामी पुंगळी ओढणाऱ्या आणि बाहेर फेकणाऱ्या भागांचे ओरखडे पितळेवर बसतात, आणि पितळ तर तेच राहतं! दोन वेळा दोन वेगळी पिस्तुलं वापरली असतील तर एकाच पुंगळीवर दोघांच्या खुणा. त्यात पुंगळी मापात आणणाऱ्या साच्याचे ओरखडेही मिसळतात. तपासणाऱ्यानं जुनी खूण ताजी समजली, तर भलत्याच हत्याराशी जुळवणी होईल. कुणाचा तरी खटला त्यावर उभा असतो, हे विसरू नका.

या प्रश्नाला घरात काही बनवायची गरजच नाही. अधिकृत प्रयोगशाळेच्या सहकार्यानं, लेखी परवानगीनं, त्यांच्याच ताब्यातल्या नमुन्यांच्या सूक्ष्मदर्शी प्रतिमांवर काम करता येतं. तपासणाऱ्याला नमुन्याचा इतिहास न सांगता जुळवणी करायला द्यायची आणि चुका मोजायच्या. आपल्या शहरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, मार्गदर्शकाशी बोलायची सुरुवात तिथून करा.

थोडक्यात, प्रस्ताव लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा: माझा प्रश्न एका वाक्यात काय? नमुने कुणाच्या ताब्यात आहेत? परवानगी कोण देणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिला प्रश्न पुन्हा लिहा. ज्युनिअरनं तिथेच बिलाच्या मागे लिहायला घेतलं. चहा माझ्याकडून!