पदवीसाठी परकी भाषा : सौदीतली रीत आणि आपली शिदोरी



कोकणात आपल्या लोकांचे आणि मुसलमान शेजाऱ्यांचे उंबरठे पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ राहिले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात नोकरीला गेली. अशा घरातला एखादा मुलगा बारावीनंतर सौदी अरेबियातल्या विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करतो, तेव्हा घरचे सहज म्हणून जातात, "बाप वीस वर्षं जेद्दाला आहे, अरबीची कसली काळजी?" खरी काळजी तिथेच असते. बाजारात भाव करण्यापुरती अरबी वेगळी आणि पदवीच्या वर्गात बसून वही भरण्याची अरबी वेगळी. ही भाषेची अट नेमकी काय असते, ती कशी पार पाडतात आणि त्यातून आपल्या मुलांनी काय घ्यावं, ते आज पाहू.

सौदीत अट दोन बाजूंनी

पहिली अट खुद्द सौदी मुलांना असते, इंग्रजीची. धहरानचं किंग फहद पेट्रोलियम व खनिज विद्यापीठ १९६३ साली महाविद्यालय म्हणून सुरू झालं. तिथे शिकवणं इंग्रजीतून. अरबी शाळेतून आलेल्या मुलाला आधी तयारीचं वर्ष काढावं लागतं. त्यात इंग्रजी आणि गणित पक्कं करून घेतात. आपलं इंग्रजी पुरेसं आहे हे परीक्षेत दाखवलं, तर त्यातून सूट मिळते.

दुसरी अट बाहेरून येणाऱ्यांना, अरबीची. याचं ठळक उदाहरण म्हणजे मदिनेचं इस्लामी विद्यापीठ. ते १९६१ साली स्थापन झालं. ते मुसलमान विद्यार्थ्यांसाठी आहे आणि जगभरातली मुलं तिथे शिष्यवृत्तीवर जातात. शिकवणं अरबीतून. ज्याची मातृभाषा अरबी नाही त्याची आधी भाषा तपासतात. कमी पडली तर त्याला परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या भाषा-संस्थेत घालतात. तिथे साधारण दोन वर्षं, चार पातळ्या. त्या पार केल्यावरच चार वर्षांची पदवी सुरू होते. म्हणजे हिशोब करा : अरबी कच्ची असलेल्याला सहा वर्षं, पक्की करून गेलेल्याला चार. ज्या घराची मोठ्या मुलाच्या कमाईवर आस आहे, त्या घराला या दोन वर्षांची किंमत सांगायला नको.

बाकी सौदीतही भाषांचं वारं बदलतंय. चिनी भाषा शिक्षणात आणण्याचा निर्णय २०१९ साली जाहीर झाला. रियाधच्या किंग सौद विद्यापीठात भाषा आणि भाषांतराचं वेगळं महाविद्यालय आहे. तिथे इंग्रजी-फ्रेंचबरोबर फारसी, तुर्की आणि चक्क हिब्रूसुद्धा शिकवली गेली आहे. म्हणजे आपली तेफिल्लाची भाषा रियाधमध्ये कुणीतरी वही-पेन घेऊन परीक्षेसाठी घोकली आहे!

पहिल्या धड्यातले शब्द

मदिनेच्या या वर्गांसाठी जे पाठ्यपुस्तक तयार झालं, ते आज 'मदिना बुक्स' या नावाने जगभर वापरतात. त्याचे लेखक डॉ. व्ही. अब्दुर रहीम. हे गृहस्थ तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे, जन्म १९३३ चा. त्यांची मातृभाषा अरबी नव्हती, त्यामुळे शिकणाऱ्याचं अडतं कुठे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढे ते मदिनेच्या विद्यापीठात शिकवत होते आणि २०२३ साली मदिनेतच वारले.

पुस्तकाच्या सुरुवातीला अगदी साध्या वस्तूंची नावं येतात : बैत म्हणजे घर, मस्जिद, बाब म्हणजे दार, किताब, कलम, मिफ्ताह म्हणजे किल्ली. आता हे शब्द आपल्या घरच्या माणसाने ऐकले तर काय होईल बघा. किताब आणि कलम मराठीने ओळखीचे. बैत म्हणजे हिब्रू बायित. मिफ्ताह म्हणजे माफ्तेआख. बाब हा शब्द तालमूद वाचणाऱ्याला 'बावा कामा'मधल्या 'बावा'वरून, म्हणजे दारावरून, ओळखू येतो. आणि मस्जिद? आपले वाडवडील सिनेगॉगला मशीदच म्हणत. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेलं शाआर हारहामीम हीच आपली जुनी मशीद. मध्य रेल्वेवरच्या मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरून पडलं, असं आपल्याकडे घरोघर सांगतात.

यामागचं कारण सरळ आहे. हिब्रू आणि अरबी एकाच कुळातल्या बहिणी. दोन्हींत शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या धातूवर उभा राहतो. क-त-ब या धातूपासून अरबीत किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे लिहिण्या-शिकण्याची जागा. ह-क-म पासून हुकूम, हाकिम, हकीम आणि इकडे हिब्रूत हाखाम म्हणजे ज्ञानी. मराठीत तर फारसीच्या वाटेने अरबी शब्दांची रांगच लागली : वकील, हिशोब, तारीख, कायदा, मालक, रयत. मुलगा परकी भाषा शिकायला निघतो तेव्हा खिसा अगदीच रिकामा नसतो.

लिपीचंही तसंच. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि ऱ्हस्व स्वर एरवी लिहीत नाहीत. सेफेर तोरामध्येही नेकुदोत नसतात आणि हजान ते न अडखळता वाचतो. ज्याने हा सराव पाहिलाय, त्याला अरबी वर्तमानपत्राची धास्ती वाटू नये.

शब्द फसवतातही

पण ओळखीच्या चेहऱ्यावर फार भरवसा ठेवू नका. अरबीत 'गरीब' म्हणजे परका किंवा विचित्र. पैशाने गरीब असलेल्याला तिथे 'फकीर' म्हणतात. 'तारीख' म्हणजे दिनांक, तसाच इतिहासही. हिब्रूत लेहेम म्हणजे भाकरी-पाव, अरबीत लहम म्हणजे मटण! परीक्षेत अशाच ठिकाणी मार्क जातात.

दुसरी गोम बोलीची. वर्गात 'फुसहा' म्हणजे ग्रंथांची, बातम्यांची अरबी शिकवतात. जेद्दाच्या रस्त्यावर हिजाझी बोली, रियाधला नज्दी. वीस वर्षं तिथे काढलेला बाप रस्त्यावरची भाषा झकास बोलतो, पण व्याकरणाच्या पेपरात तो मुलाला मदत करू शकत नाही. यात कमीपणा काही नाही. आपल्या आजीची कोकणी वळणाची मराठी गोड होती, तरी ती मराठीच्या पेपरात जशीच्या तशी चालली नसती.

हे आपण आधी केलंय

अशी अट आपल्याला नवी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा काढल्या आणि इंग्रजीच्या जोडीला अभिजात भाषा आली. हिंदू मुलं संस्कृतकडे गेली. विद्यापीठात हिब्रूचीही परीक्षा होत असे आणि आपल्या मुलांना ती वाट मोकळी होती.

त्या वाटेची तयारी आधीपासून चालली होती. डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक १८३२ साली काढलं. ते मिशनरी, त्यांचा हेतू वेगळा. पण आपल्या लोकांनी त्यांच्याकडून भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली समाजाची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. आणि जोसेफ इझेकिएल राजपूरकर (जन्म १८३४) हे तर मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. आपल्या कितीतरी प्रार्थना त्यांनीच मराठीत आणल्या. विचार करा, दोन-तीन पिढ्यांपूर्वी ज्या समाजाला हिब्रूतले थोडेच शब्द उरले होते, त्यातलाच एक माणूस विद्यापीठात हिब्रूचे पेपर तपासत होता.

अर्ज भरण्याआधी

विद्यापीठ सौदीतलं असो, मुंबईचं असो की इस्राएलमधलं, काही गोष्टी आधीच विचारून घ्या.

१. अट नुसती पास होण्याची आहे की तिचे गुण पदवीत धरतात?

२. सूट मिळवायची चाचणी आहे का? असेल तर ती प्रवेशाआधी देता येते का?

३. भाषेचं वर्ष पदवीच्या वर्षांत धरतात की वेगळं? शिष्यवृत्ती त्या काळातही चालू राहते का?

४. चाचणी बोलण्याची आहे की वाचण्या-लिहिण्याची? इस्राएलमध्ये हिब्रूसाठी 'याएल' चाचणी असते. घरी हिब्रू बोलणारी मुलंही लेखी भागाला अडतात ती यामुळेच.

५. लिपी जाण्याआधी शिका. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत कोणतीही लिपी वाचता येऊ लागते. परक्या देशात पहिल्या आठवड्यात जेवण, खोली आणि कागदपत्रं यांतच माणूस दमतो, त्यात अक्षरओळखीची भर नको.

आपल्याकडे ज्या घरात मूल दहावी-बारावीला आहे, त्यांनी या सुट्टीत एवढं तरी करावं. त्याला शब्बाथला सिनेगॉगमध्ये न्यावं, हजानसाहेबांना सांगून नेकुदोत नसलेली चार ओळी वाचायला बसवावं आणि घरी परत आल्यावर कुठला शब्द मराठीत ओळखीचा वाटला ते विचारावं. शेजारच्या घरात कुणी मदिनेला किंवा रियाधला जायची तयारी करत असेल तर दोघांना एकत्र बसवा. एकाकडे अरबी असेल, दुसऱ्याकडे हिब्रू, आणि दोघांचीही बोलायची भाषा कोकणची मराठी. अभ्यासाला याहून चांगली जोडी मिळणं कठीण.