नांवांची वही

आपल्या घरांतील फोन, दूरचित्रवाणीचा संच, मुलांचा संगणक हीं सारीं दिवसभर दूरदूरच्या यंत्रांशीं बोलत असतात. परंतु बोलण्यापूर्वीं प्रत्येकास एक प्रश्न विचारावा लागतो, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. यंत्रांस नांव समजत नाहीं, आंकडा समजतो. आपण बँकेच्या संकेतस्थळाचें नांव लिहिलें, कीं फोन प्रथम नांवांची वही सांभाळणाऱ्या यंत्रास, म्हणजे नेम सर्व्हरला, त्या नांवाचा आंकडा विचारतो व उत्तर मिळाल्यावरच पुढें जातो. ही सेवा बंद पडल्यावाचून कोणास आठवत नाहीं. आणि बंद पडली, कीं तार शाबूत असूनहि 'इंटरनेट गेलें' असा घरभर ओरडा होतो.

पूर्वीं वही एकच होती. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्था ती ठेवी व बाकीचे तिची नक्कल उतरून घेत. कुलवृत्तांताच्या कामांत पडलेल्या वाचकांस यांतील अडचण सांगावयास नको : साऱ्या शाखांच्या जन्ममृत्यूंची नोंद एकाच संपादकाच्या टेबलावर ठेवूं गेलें, तर ग्रंथ छापून होईतों निम्मी माहिती शिळी होते. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं तोड काढिली ती अशी, कीं प्रत्येक शाखेनें आपलें पान आपणच लिहावें. मूळ वहींत कोणतें पान कोणाकडे आहे एवढेंच असावें.

हिंदुस्थानचें पान म्हणजे 'डॉट इन'. तें १९८९ सालीं उघडलें, आणि पुढें अनेक वर्षें तें राखलें कोणीं, तर आपल्या जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीनें! (ही संस्था मागाहून सी-डॅकमध्यें विलीन झाली.) हिची व पवईच्या आय. आय. टी. ची टेलिफोनच्या तारेवरून पत्रापत्री १९८६-८७ च्या सुमारासच सुरू झाली होती. नोंदणीचा हात मात्र आंखडता : १९९२ ते २००४ या काळांत जेमतेम ७००० नांवें. २००५ च्या जानेवारीपासून कारभार दिल्लीच्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंजकडे गेला व नियम सैल झाले.

२०१४ च्या ऑगस्टांत देवनागरी 'डॉट भारत' आलें. मराठीसहि तें खुलें आहे. परंतु वही अद्यापि रोमनच! बाळबोधींत लिहिलेलें नांव विचारण्यापूर्वीं रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपांत बदलावें लागतें. तें काम फोन मुकाट्यानें करितो, म्हणून त्याबद्दल आमची कुरकुर नाहीं. कुरकुर आहे ती निराळीच. ईमेलचा पत्ता मागणारे कित्येक अर्ज असें नांव दिसतांच तें चुकीचें ठरवून परत करितात. जिला केवळ बाळबोध वाचतां येतें त्या आजीबाईनें नातवाच्या संकेतस्थळाचें नांव इंग्रजी हिज्जांनीं पाठ करावें काय? २०२२ सालच्या कायद्यानें बोरिवली-मुलुंडच्या लहानसहान दुकानांसहि मराठी पाटी सक्तीची झाली. त्याच पाटीच्या तळाशीं संकेतस्थळाचा पत्ता मात्र सर्रास रोमनच रंगविलेला असतो.