उभ्या पिकाचे माप

भाद्रपद सरत आला, की विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनची शेते पिवळी पडू लागतात. पाने गळतात आणि लवदार शेंगांनी लगडलेली झाडे उघडी उभी राहतात. कापणीला अजून आठ-पंधरा दिवसांचा अवकाश असतो. तरी घरोघरी एकच प्रश्न निघतो, ‘यंदा एकरी किती उतरेल?’ मजूर किती सांगावेत, पोती किती आणावीत, देणे फिटेल की नाही, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते.

पूर्वी हे उत्तर नजरेने देत. उत्तम पीक म्हणजे सोळा आणे; त्या मानाने उभे पीक किती आणे, हे पाहून ठरवायचे. हीच आणेवारी होय. शेतसाऱ्याची तहकुबीही तिच्यावरच ठरे. १९१७ साली अतिवृष्टीने तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्याचे पीक बुडाले. चार आण्यांहून कमी पीक आल्यास सारावसुली तहकूब करावी, असा नियम होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी आहे; अधिकारी म्हणत, अधिक आहे. नजर दोन्ही पक्षांना होती, माप मात्र कोणाकडेच नव्हते! या वादातूनच १९१८ साली गांधीजींचा खेडा सत्याग्रह उभा राहिला.

मोजून अंदाज करणे अवघड नाही. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर असेल, तर एका ओळीची २ मीटर २२ सेंटीमीटर लांबी म्हणजे एक चौरस मीटर जमीन. तेवढ्यातील झाडे मोजावीत. समजा, ती ३० भरली. दर झाडाला सरासरी २५ शेंगा आणि दर शेंगेत सरासरी २ दाणे धरले, तर दाणे झाले १५००. शंभर वाळल्या दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल, तर एका चौरस मीटरात १८० ग्रॅम सोयाबीन आले; म्हणजे हेक्टरी १८ क्विंटल, एकरी सुमारे सव्वासात. कापणी-मळणीत जे सांडते, ते यातून वजा करावे लागते.

या हिशेबात सर्वांत फसवे असते ते दाण्याचे वजन. दाणे भरण्याच्या वेळी पावसाने ताण दिला, तर शेंगा तेवढ्याच दिसतात, पण आतील दाणा बारीक राहतो. शंभर दाणे १२ ऐवजी ९ ग्रॅम भरले, तर एकही शेंग कमी न होता हेक्टरी साडेचार क्विंटल गेले! म्हणून शेंगा नुसत्या मोजू नयेत, सोलून पाहाव्यात.

दुसरी फसगत जागेची. शेतात शिरलेला मनुष्य सहजच डौलदार झाडांपाशी थांबतो. तीच मोजली, तर कागदावर पीक भरघोस येते आणि खळ्यावर रास लहान पडते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. जागा मनाने निवडू नये, ती यदृच्छेने ठरावी, असा या शास्त्राचा नियमच आहे. सुखात्मे यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कापणीसाठी फार लहान वाफा आखला, तर उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते; कारण कडेची झाडे नकळत आत ओढली जातात, आणि वाफा जितका लहान तितकी कड त्या मानाने मोठी.

सरकारी पीक कापणी प्रयोगांत म्हणूनच शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, यादृच्छिक आकड्यांनी ठरतील तितकी पावले चालून वाफा आखतात. तेथे पीक विरळ असो वा दाट, जागा बदलता येत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गावाचे किंवा मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरवताना या प्रयोगांचा आधार घेतला जातो. ज्यांच्या शेतात कोणी पाऊलही टाकले नाही, अशा कितीतरी कुटुंबांची भरपाई त्या थोड्या वाफ्यांवर ठरते. त्यामुळे दोरी ताणल्यावर तिच्याखाली आलेल्या एकेका झाडासाठीही नियम आहे: मूळ निम्म्याहून अधिक आत असेल, तर ते झाड कापायचे, नसेल, तर कितीही शेंगा असोत, ते तसेच उभे राहू द्यायचे.