जेवणाच्या टेबलाची मांडणी : शोभा आणि सोय

पाहुण्यांसाठी जेवणाचे टेबल मांडायचे म्हणजे त्यावर फुले, मेणबत्त्या आणि कपाटातली ठेवणीतली भांडी आणून ठेवायची, अशी समजूत सर्रास आढळते. परंतु या मांडणीचे बहुतेक नियम जेवणाऱ्याच्या हाताची हालचाल, पदार्थ समोर येण्याचा क्रम आणि सोबत्यांशी बोलण्याची सोय यांतून घडले आहेत. नियमांमागची ही कारणे कळली, की कोणता नियम पाळावा, कोणता बदलावा आणि कोणता सोडून द्यावा हे यजमानाला ठरवता येते, आणि पाश्चात्त्य धर्तीच्या टेबलावर मराठी जेवण वाढायचे असेल, तर हे ठरवल्यावाचून गत्यंतर नसते.

आज मोठ्या हॉटेलांत दिसणारी मांडणी युरोपात १९व्या शतकात रूढ झाली. त्यापूर्वी तेथील श्रीमंत घरांत जी पद्धत होती, तिला ‘फ्रेंच पद्धत’ म्हणतात. तिच्यात जेवणाचे दोन-तीन टप्पे असत आणि प्रत्येक टप्प्यातले सगळे पदार्थ एकाच वेळी टेबलावर समतोल आकृतीत मांडले जात. पाहुणे आपल्या हाताशी असलेल्या पदार्थांतून वाढून घेत. हा थाट डोळ्यांना सुखावणारा असला, तरी सगळ्यांचे वाढून होईपर्यंत अन्न निवत असे आणि दूरचा पदार्थ पुष्कळदा वाट्याला येतच नसे. या उलट ‘रशियन पद्धती’त पदार्थ आतच कापून तयार केले जातात आणि एकामागून एक असे प्रत्येक पाहुण्यापर्यंत नेले जातात. सुमारे १८१०मध्ये ही पद्धत पॅरिसमध्ये आणण्याचे श्रेय रशियाचे राजदूत अलेक्झांडर कुराकिन यांना दिले जाते, आणि १८६०च्या दशकात उर्बें द्युबुआ या फ्रेंच बल्लवाचार्याने तिचा विशेष पुरस्कार केला. या बदलाचे दोन परिणाम आजही डोळ्यांसमोर आहेत. पदार्थांच्या पात्रांनी व्यापलेला टेबलाचा मध्यभाग मोकळा झाला आणि तेथे फुले, फळे व दिवे आले. आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक पदार्थासाठी लागणारे काटे, चमचे व सुऱ्या आधीच मांडून ठेवणे सोयीचे ठरल्यामुळे ताटलीच्या दोन्ही बाजूंना त्यांची रांग लागली.

ही रांग नवख्याला बुचकळ्यात टाकणारी असली, तरी तिचा क्रम सरळ आहे. पहिल्या पदार्थाला लागणारे साधन सर्वांत बाहेर आणि मुख्य पदार्थाचे साधन ताटलीलगत असते, त्यामुळे जेवणारा बाहेरून आत येत जातो. काटा डाव्या हातात धरायचा म्हणून डावीकडे, सुरी उजव्या हातात धरायची म्हणून उजवीकडे, आणि सूप सुरुवातीलाच प्यायचे असल्यामुळे त्याचा चमचा सुरीच्याही पलीकडे, अशी ही रचना असते. सुरीची धार शेजाऱ्याकडे न येता ताटलीकडे वळलेली असते. गोड पदार्थाचा काटा आणि चमचा ताटलीच्या वरच्या बाजूला आडवे ठेवतात, पावाची छोटी ताटली काट्यांच्या वर डावीकडे असते आणि पाण्याचा पेला सुरीच्या टोकाच्या वर उजवीकडे येतो. जे पदार्थ वाढायचेच नाहीत, त्यांची साधने मांडू नयेत, हा या पद्धतीचाच नियम आहे. नुसत्या शोभेसाठी ठेवलेला जादा काटा पाहुण्याला गोंधळात टाकतो.

मांडणीचे सौंदर्य बऱ्याच अंशी मापांवर अवलंबून असते. एका व्यक्तीला टेबलाच्या कडेची सुमारे ६० सेंटीमीटर जागा मिळाली, तर कोपर कोपराला लागत नाही. ताटली व चमचे टेबलाच्या कडेपासून सुमारे अडीच सेंटीमीटर आत, एका रेषेत ठेवले, की साधी भांडीही नीटस दिसू लागतात. टेबलक्लॉथ कडेखाली २५ ते ३० सेंटीमीटर लोंबावा. त्याहून लांब कापड मांडीवर येते आणि आखूड कापड अपुरे वाटते. त्याच्याखाली जाड, मऊ अस्तर घातल्यास भांड्यांचा आवाज दबतो, कापड सरकत नाही आणि गरम भांड्याची झळ लाकडापर्यंत सहसा पोहोचत नाही. मधली पुष्परचना समोरासमोर बसलेल्यांच्या नजरेच्या आड येऊ नये, म्हणून तिची उंची साधारण ३० सेंटीमीटरच्या आत ठेवतात.

महाराष्ट्राला मांडणीची दृष्टी टेबलाबरोबर मिळाली, असे मात्र नाही. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण राजाच्या भोजनाला वाहिलेले आहे, आणि पान वाढण्याची मराठी रीत ही तर पुरती बांधीव रचना आहे. पानाच्या वरच्या भागात मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ आणि वाटीत आमटी. मध्यभागी भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप, असा तिचा सर्वसाधारण आराखडा असून घराघरांनुसार आणि प्रांतांनुसार त्यात थोडाफार फरक पडतो. डाव्या बाजूला तोंडी लावण्याचे, म्हणजे थोडे थोडे खायचे तिखट-आंबट पदार्थ आणि उजव्या बाजूला पुन्हा पुन्हा घ्यायचे पदार्थ, ही विभागणी उजव्या हाताने जेवणाऱ्याला सोयीची आहे. शिवाय जागा ठरलेल्या असल्यामुळे पंगतीतून झपाझप जाणाऱ्या वाढप्याला कोणाच्या पानात काय संपले, हे एका दृष्टिक्षेपात कळते. पाटाभोवतीची रांगोळी आणि पानासमोरची महिरप, म्हणजे कमानीसारखी नक्षी, यांनी शोभेबरोबरच प्रत्येकाची जागाही आखली जाते.

टेबल आणि पान या दोन रचनांमधला मुख्य भेद हाताचा आहे. काट्या-सुरीने जेवणाऱ्याचे दोन्ही हात स्वच्छ राहतात, त्यामुळे पेला उजवीकडे असणे त्याला सोयीचे जाते. हाताने जेवणाऱ्याचा उजवा हात खरकटा होतो आणि तो पाणी डाव्या हाताने घेतो. म्हणून पुरणपोळी, वरणभात आणि अळूची भाजी असा बेत असताना पेला उजवीकडे ठेवणे हे पुस्तकी दृष्टीने बरोबर असले, तरी पाहुण्याच्या गैरसोयीचे असते. तेथे पेला डावीकडेच हवा. याच कारणाने खरकट्या हाताने भांडी फिरवण्याची वेळ पाहुण्यावर आणू नये. घरातल्या एकाने उभे राहून वाढावे, किंवा भांडी टेबलावरच ठेवायची असतील, तर प्रत्येक भांड्यात स्वतंत्र डाव किंवा पळी ठेवून ती डाव्या हाताने घेता येतील अशी मांडावी. सुरीची अशा जेवणात गरज नसते, म्हणून तिला टेबलावर जागा देऊ नये. एक चमचा मात्र असावा, कारण श्रीखंड किंवा आमटीसाठी तो अनेकांना हवा असतो. कापडी नॅपकिनच्या जोडीला हात पुसण्यासाठी ओलसर छोटा टॉवेल ठेवला, तर तो नॅपकिनच्या कलात्मक घडीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

रंगांच्या बाबतीतही बेत पाहूनच निवड करावी लागते. मराठी ताटात पिवळे वरण, हिरवी चटणी, बिटाची लालजांभळी कोशिंबीर आणि केशरी जिलबी असे रंग मुळातच असतात, त्यामुळे नक्षीदार ताटल्या आणि भडक टेबलक्लॉथ यांच्यापुढे अन्नाचा रंग फिका पडतो. पांढरे किंवा फिकट कापड आणि केळीचे पान, पितळी अथवा स्टीलचे साधे ताट ही जोडी अधिक खुलते. फुलांमध्ये निशिगंध, मोगरा आणि सोनचाफा ही उग्र किंवा दरवळणाऱ्या वासाची फुले टेबलावरून दूर, दिवाणखान्यात ठेवावीत, कारण जेवणाच्या चवीत वासाचा मोठा वाटा असतो आणि साजूक तुपाचा किंवा मसालेभाताचा वास दुसऱ्या सुगंधात हरवून जातो. उदबत्तीलाही हेच लागू आहे. दिव्याचा प्रकाश मऊ असावा, पण माशातला काटा दिसणार नाही इतका मंद नसावा.

गोव्यात या दोन परंपरांचा सहवास जुना आहे. पोर्तुगीज अंमलात तेथील सधन ख्रिस्ती घराण्यांनी लांब टेबलांची भोजनदालने उभारली, आणि चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या हवेलीत त्या काळच्या सामानाबरोबर चिनी मातीची भांडीही पाहायला मिळतात. त्यांचे मोल तेव्हा मोठे होते, कारण युरोपला ती घडवण्याचे तंत्र उशिरा साधले आणि जर्मनीतील माइसन येथे तेथला पहिला कारखाना १७१०मध्ये निघाला. आजच्या यजमानाला अशा भांड्यांचा संच असण्याची गरज नाही. चार वेगवेगळ्या संचांतली ताटेसुद्धा एका ओळीत, सारख्या अंतरावर आणि एकाच क्रमाने वाढलेली असली, तर एकसंध वाटतात.

सगळी मांडणी झाल्यावर ती तपासण्याचा उपाय सोपा आहे. पाहुणे येण्यापूर्वी यजमानाने प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून पाहावे : समोरच्याचा चेहरा फुलांआड जातो का, टेबलाचा पाय गुडघ्याला लागतो का, दिवा डोळ्यांवर येतो का, पाण्यापर्यंत मोकळा हात पोहोचतो का, मिठासाठी कोणाला हाक मारावी लागते का. या तपासणीत जी वस्तू अडथळा ठरेल ती कितीही देखणी असली तरी उचलावी, आणि जी कमी पडेल ती आणून ठेवावी.